एका दुपारच्या जेवणासाठी पॅरिसचे चार दिवस

पॅरिसच्या एखाद्या राजेशाही हॉटेलात दोघांनी जेवायचं म्हटलं तर पन्नास हजार रुपयांच्या घरात खर्च येतो. एवढे पैसे मोजून उठताना तोंड वाकडं झालेलं असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा तीनच कारणं सापडतात: डोळ्यांवरची झोप, सकाळी हाणलेला नाश्ता आणि आयत्या वेळी सांगितलेलं पथ्य. तिन्ही टाळता येतात, मात्र त्यासाठी आधीचे दोन दिवस त्या जेवणाच्या हिशेबानं आखावे लागतात. ही आखणी मंगळवार ते शुक्रवार अशी आहे. जेवण गुरुवारी दुपारी, 'ल ब्रिस्तॉल' या हॉटेलातल्या 'एपिक्यूर' या उपाहारगृहात. दुसरं हॉटेल निवडलं तरी क्रम हाच ठेवावा.

निघण्याआधी

फ्रान्समध्ये 'पॅलेस' हा शब्द कुणीही पाटीवर लिहावा असा नाही. पंचतारांकितच्याही वरचा तो सरकारी दर्जा आहे, २०१० मध्ये सुरू झालेला. पॅरिसमध्ये तो मोजक्याच हॉटेलांना आहे आणि ल ब्रिस्तॉल त्यांतलं एक. इपोलित जामे यांनी ते १९२५ मध्ये उघडलं. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा एपिक्यूरला २००९ मध्ये मिळाला, तेव्हा स्वयंपाकघर एरिक फ्रेशों यांच्या हाती होतं. २०२४ पासून तिथे आर्नो फाय आहेत.

दुपारचंच टेबल घ्यावं. पहिलं कारण खर्चाचं. अशा ठिकाणी रात्रीचा लांबलचक मेन्यू माणशी ४०० युरोंच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. दुपारचा छोटा मेन्यू जिथे असतो तिथे तो साधारण निम्म्यात बसतो, आणि स्वयंपाकघर, वाढणारे, पाव, लोणी, चीज सगळं तेच. दुसरं कारण घड्याळाचं आहे आणि ते फारसं कुणी ध्यानात घेत नाही. हिवाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात रात्री आठला टेबलावर बसलात तर शरीराच्या लेखी मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि मुख्य पदार्थ येतो तो पहाटे दोनच्या सुमारास. दुपारचे साडेबारा म्हणजे आपले संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात चार. आपल्याला त्या वेळी भूक लागतेच.

टेबल चार ते सहा आठवडे आधी धरावं. कार्डाचा क्रमांक मागतात. ठरलेल्या मुदतीनंतर, ती बहुधा ४८ तासांची असते, रद्द केलं किंवा गेलाच नाहीत तर माणशी रक्कम कापली जाते. ती किती, हे बटण दाबण्याआधी वाचावं. रविवार-सोमवार किंवा शनिवार-रविवार बंद ठेवण्याची पद्धत तिथे सर्रास आहे आणि ऑगस्टमध्ये काही ठिकाणं आठवडेच्या आठवडे बंद असतात. दुपारचं टेबल मिळालंच नाही तर त्याच हॉटेलातलं '११४ फोबूर' हे जरा मोकळंढाकळं उपाहारगृह आहे. तिथला पर्याय कमीपणाचा मानायचं कारण नाही.

आता पथ्य. नुसतं 'आम्ही शाकाहारी' लिहून भागत नाही. तिथल्या शाकाहारात अंडं बसतं, आणि फ्रेंच सॉसची सुरुवात 'फाँ' नावाच्या अर्कापासून होते. वासराची हाडं भट्टीत तांबूस भाजायची, कांदा, गाजर आणि सेलरीबरोबर मंद आचेवर आठ-दहा तास ठेवायची, गाळायची आणि गाळलेलं पुन्हा आटवायचं. हा अर्क कोंबडीच्या सॉसमध्ये जातो, क्वचित भाजीला चकाकी आणायलाही जातो. तो आदल्या दिवशीच तयार झालेला असतो. म्हणून पथ्य टेबलावर बसल्यावर सांगितलं तर आचाऱ्याच्या हाती वजाबाकीच उरते: सॉस काढला, मांस काढलं, राहिल्या उकडलेल्या भाज्या. हेच तीन दिवस आधी कळवलं तर तो तुमच्यासाठी वेगळा मेन्यू बांधतो, तोही मन लावून.

ईमेल इंग्रजीत चालतं. त्यात एकेका माणसाचं पथ्य स्वतंत्र ओळीत लिहावं: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा किंवा माशाचा अर्क नाही, जिलेटिन नाही, अंडं चालतं की नाही, सॉसमधली वाइन आणि गोडातली रम चालते की नाही. जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसणाबरोबर 'एशालोत' हे नावही घालावं. तो छोटा कांदा तिथल्या निम्म्या सॉसांच्या बुडाशी असतो. कोंबडी-मटण खाणाऱ्या पण गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी 'बफ' आणि 'व्हो', म्हणजे गाय-बैल आणि वासरू, दोन्ही शब्द लिहावेत. फक्त पहिला लिहिला की कोंबडीच्या ताटलीखाली वासराचा अर्क येऊ शकतो, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

मंगळवार: उतरणे

शार्ल द गोल विमानतळावरून शहरात येणाऱ्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं: सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. मागच्या सीटवर दोघं आणि चार बॅगा असल्या तरी तेच. आतल्या दालनात 'टॅक्सी? टॅक्सी?' करत जवळ येणाऱ्यांकडे बघूसुद्धा नये. बाहेर पाटी असलेली रांग असते, तिथूनच बसावं. मुक्काम उजव्या तीरावर, मादलेन किंवा सँ-लझारच्या आसपास घेतला तर गुरुवारी चालत जाता येतं.

संध्याकाळी जेवायला बाहेर पडू नये. कोपऱ्यावरच्या बुलांजरीतून, म्हणजे पावाच्या दुकानातून, 'बागेत त्रादिस्यों' घ्यावा. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार या पावाचं पीठ गोठवता येत नाही आणि त्यात गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण याखेरीज जवळपास काहीच घालता येत नाही. शाकाहाऱ्यांसाठी पॅरिसमधलं सगळ्यांत बिनघोर खाणं ते हेच. कीश लॉरेन या खाऱ्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि कांद्याचं ते प्रसिद्ध सूप बहुधा मांसाच्या अर्कात शिजलेलं असतं. नावातल्या कांद्यावर जाऊ नये.

रात्री दहापर्यंत कसंबसं जागं राहायचं. आजचं काम एवढंच.

बुधवार: तोंडओळख

उद्या चीजची गाडी समोर येऊन उभी राहील तेव्हा दहा-पंधरा प्रकारांपैकी कोणता मागायचा, हे तिथे उभं राहून ठरत नाही. म्हणून आज सकाळी अलिग्रच्या बाजारात जावं. मेट्रोची ८ नंबरची लाइन, स्टेशन लद्र्यू-रोलाँ. बाजार सोमवारी बंद असतो, बाकी दिवशी सकाळ चांगली. बाहेर भाजी-फळांचे गाडे, मध्ये छपराखाली चीजवाले आणि खाटीक. आपली मंडई आठवते, आरडाओरड्यासकट.

तीन चीज थोडीथोडी, शंभर-शंभर ग्रॅम घ्यावीत: डोंगरी गाईच्या दुधाचं घट्ट 'काँते', मऊ 'ब्री द मो' आणि मेंढीच्या दुधाचं निळ्या बुरशीचं 'रोकफोर'. काँते बहुतेकांना पहिल्याच घासात आवडतं, कारण त्याची चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या आणि आटवलेल्या दुधाच्या मध्ये कुठेतरी असते. रोकफोरचं तसं नाही. एवढासा तुकडा, पाव भरपूर, सोबत नाशपातीची फोड, असं घेतलं तर खारटपणा आवरतो. नुसतं तोंडात टाकलं की माणूस आयुष्यभर चीजच्या नावानं बोटं मोडतो.

शाकाहाऱ्यांसाठी इथे एक खाचखळगा आहे. ही तिन्ही चीज परंपरेनं वासराच्या जठरातल्या विकरानं, म्हणजे रेनेटनं, बांधलेली असतात. लेबलावर 'प्रेझ्यूर' लिहिलेलं असेल तर ते प्राणिज समजावं. वनस्पतिज किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं असेल तर 'कोआग्यूलाँ' असा शब्द येतो. चालणार नसेल तर ईमेलमध्ये आणखी एक ओळ वाढवावी. इटलीच्या पार्मेझानलाही हाच नियम लागू आहे, आणि ते तर किसून कुठेही घातलेलं असतं.

दुपारी कपडे बघून ठेवावेत. पुरुषाला जॅकेट असावं, टाय नसला तरी चालतो. खेळाचे बूट आणि अर्धी चड्डी नको. साडी अगदी योग्य, पण भरजरी पदर आणि बुटका सॉसचा प्याला यांचं जमत नाही; पदर पिन करून घेतलेला बरा. रात्री थोडंसं खाऊन लवकर झोपावं.

गुरुवार: जेवण

सकाळी आठला कॉफी आणि एक क्रुआसाँ, बस्स. हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला आहे म्हणून तो वसूल करायला बसलात, तर दुपारी तिसऱ्या ताटलीपाशीच हात टेकाल.

साडेअकराला मादलेनच्या चर्चपासून निघावं. फोबूर सेंत-ऑनोरे ही रस्त्याची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना दागिन्यांची आणि कपड्यांची दुकानं. ५५ क्रमांकाला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा एलिझे राजवाडा आहे. तिथे पोलिस कधी समोरच्या फुटपाथवर पाठवतात, कधी रस्ताच बंद असतो. हातात पंधरा मिनिटं जास्तीची ठेवायची ती यासाठी. ल ब्रिस्तॉल ११२ क्रमांकाला. मेट्रोनं यायचं तर मिरोमेनील स्टेशन, ९ आणि १३ नंबरच्या लाइन, तिथून पाचेक मिनिटं.

एपिक्यूरचं दालन हॉटेलच्या आतल्या बागेकडे उघडतं. खुर्चीशेजारी एक छोटं स्टूल दिसेल, ते पर्स ठेवायला. पर्स टेबलावर किंवा जमिनीवर ठेवायची नाही.

बसल्या-बसल्या पहिला प्रश्न येतो शॅम्पेनचा. विचारणारा इतक्या अदबीनं विचारतो की ती जेवणात धरलेली आहे असं वाटतं. धरलेली नसते. एका ग्लासाला तीस युरो किंवा जास्त पडतात. 'नंतर बघू' म्हणणं पूर्ण शिष्टसंमत आहे. दुसरा प्रश्न पाण्याचा: साधं की बुडबुड्यांचं? दोन्ही बाटल्या विकतच्या. 'कराफ द्यो' मागितलं तर नळाचं पाणी येतं. जेवणाबरोबर ते फुकट देणं फ्रान्समध्ये कायद्यानं बंधनकारक आहे आणि ते मागितल्यानं कुणाची भुवई उंचावत नाही.

मेन्यूवरचा 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. मुख्य तो 'प्ला'. मेन्यू तीन पदार्थांचा असला तरी ताटल्या आठ-नऊ येतात. आधी एका घासाचे दोन-तीन 'आम्यूझ-बूश', मग पाव आणि लोणी, आँत्रे, प्ला, चीज, तोंड बदलायला छोटं गोड, खरं गोड, आणि कॉफीबरोबर चॉकलेटं-मिठाया. अडीच ते तीन तास धरावेत.

हा एकामागून एक वाढण्याचा रिवाज फ्रेंचांचा मूळचा नाही. त्यांच्या जुन्या पद्धतीत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात, आपल्या भरल्या ताटासारखे. क्रमानं वाढायची रशियन रीत एकोणिसाव्या शतकात आली आणि टिकली, कारण त्यात पदार्थ गरम पोचतो. किंमत एवढीच की जेवणाची लगाम स्वयंपाकघराच्या हाती जाते. दोघांच्याही ताटल्या रिकाम्या झाल्याशिवाय पुढचं येत नाही. एकजण उठून हात धुवायला गेला की आत निरोप जातो आणि तयार होत आलेला पदार्थ थांबवतात; कधी तो नव्यानं करावा लागतो. तेव्हा उठायचं तर बसण्याआधी, नाहीतर गोड संपल्यावर. परत याल तेव्हा नॅपकिन घडी घालून ठेवलेला असेल.

सगळ्यांत जास्त घात होतो तो पावानं. ल ब्रिस्तॉलमध्ये पिठाची गिरणी हॉटेलातच आहे, पाव तिथेच भाजतात, आणि मिठाचं लोणी समोर आलं की पोळी-भाजीवर वाढलेला माणूस पदार्थाची वाट न बघता पाव संपवतो. वाढणारा लगेच दुसरा ठेवतो. पहिला तुकडा चवीला खावा, दुसरा सॉस टिपायला राखावा. पाव सुरीनं कापायचा नाही, हातानं मोडायचा. सॉससाठी चपटा, कडेला खाच असलेला वेगळा चमचा मिळतो. तो माशाबरोबर आला की संकोच न करता वापरावा.

फ्रेशों यांच्या काळात या टेबलानं दोन पदार्थांवर नाव कमावलं आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. पहिला भरलेली मॅकरोनी: जाड नळ्यांमध्ये काळं ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी), आर्टिचोक ही भाजी आणि बदकाच्या पुष्ट यकृताचं सारण, वरून पार्मेझान घालून भाजलेली. वाचताना पास्ता वाटतो, म्हणजे शाकाहारी असणार असा समज होतो. दुसरा ब्रेस या भागातली कोंबडी, डुकराच्या मूत्राशयात शिजवलेली. हा ल्यों-ब्रेसकडचा जुना प्रकार. मूत्राशय धुऊन मऊ करायचं, त्यात कोंबडी, वाइन आणि ट्रफल घालून तोंड बांधायचं आणि गरम पाण्यात मंद शिजवायचं. आतली वाफ बाहेर पडत नाही, फुगा टम्म होतो आणि कोंबडी स्वतःच्या रसात शिजते. पाण्याला उकळी फुटली तर फुगा फुटतो, म्हणून कुणीतरी सतत वरून गरम पाणी ओतत उभं असतं. टेबलाशेजारी फुगा कापतात, आधी छातीचं मांस वाढतात, मग उरलेली कोंबडी दुसऱ्या रूपात येते. पदार्थ दोघांसाठी असतो. डुक्कर वर्ज्य असेल तर तो 'कोंबडी' म्हणून मागवण्याआधी थांबावं. ब्रेसच्या कोंबडीला १९५७ पासून कायदेशीर उगमनाम आहे आणि तिची किंमत त्याच तोऱ्यात असते.

वाइन घ्यायची असेल तर सोमेलिएशी, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या जाणकाराशी, भाव बोलायला लाजू नये. यादीतल्या एका आकड्यावर बोट ठेवून 'या आसपासचं' म्हटलं की त्याला सगळं कळतं, शेजारच्या टेबलाला काही कळत नाही. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन अशी जोडणी दुपारी नको. चार ग्लासांनंतर गोडाची चव लागत नाही, आणि गोड हा इथला मजबूत भाग आहे. वाइन न पिणाऱ्यांनी बिनमद्याची जोडणी विचारावी. हल्ली बऱ्याच ठिकाणी असते.

चीजच्या गाडीवर काल ओळख झालेलं एक आणि अनोळखी दोन मागावीत. सौम्य आधी, निळं शेवटी. वाढणारा त्याच क्रमानं ताटलीवर मांडतो, म्हणून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं खात जावं.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. आणून आपटणं म्हणजे 'उठा आता' असं होतं. त्यातले आकडे कर आणि सेवेसकटचे असतात, वर काही चढत नाही. दोघांचा नमुना असा धरावा: २०० युरोंचे दोन मेन्यू ४००, पाण्याची बाटली १४, वाइनचे दोन ग्लास ५०, दोन कॉफी २०, एकूण ४८४. शॅम्पेनचे दोन ग्लास घेतले असते तर साडेपाचशेच्या जवळ. बक्षिशी सक्तीची नाही. मनात आलं तर वीस-तीस युरो रोख ठेवावेत. कार्डाच्या यंत्रानं युरो की रुपये असं विचारलं तर युरोच निवडावं. रुपये दाबलं की विनिमयाचा दर ते यंत्र ठरवतं, आणि तो दर आपल्या बाजूनं कधीच नसतो. परदेशी पाहुण्यांना मिळणारा कराचा परतावा नेलेल्या वस्तूंवर असतो, खाल्लेल्या जेवणावर नाही.

साडेतीन-चारला बाहेर पडल्यावर बसायचं नाही, चालायचं. शाँझ-एलिझेच्या झाडांमधून खाली उतरलं की १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेला तिसऱ्या अलेक्झांडरचा पूल येतो, सोनेरी पुतळ्यांचा. तिथून आयफेल टॉवर दिसतो. अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला तो पाच मिनिटं लुकलुकतो. रात्रीचं जेवण रद्द. भूक लागलीच तर कालचं काँते खोलीत आहे.

शुक्रवार: उरलेलं गोड

ज्यांना कालचा खर्च नको होता त्यांनी आजचाच दिवस करावा. प्लास वांदोममधलं रिट्झ सेझार रिट्झ यांनी १८९८ मध्ये उघडलं, तेव्हा स्वयंपाकघर ओग्युस्त एस्कॉफिए यांनी लावलं होतं. सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा ही जी फौजेसारखी वाटणी आज प्रत्येक मोठ्या हॉटेलात दिसते ती एस्कॉफिए यांनी रुळवली. त्याआधी एकच आचारी एक अख्खा पदार्थ करी आणि बाकी टेबल ताटकळत राही.

आत बसायची गरज नाही. मागच्या अंगाला, र्यू कांबोंवर ३८ क्रमांकाला रिट्झचंच मिठाईचं दुकान आहे, 'ल कोंतुआर'. तिथली मादलेन, शिंपल्याच्या आकाराचा लोण्याचा छोटा केक, दहा-वीस युरोंत राजेशाही हॉटेलाची चव देते. अंडं त्यात असतं. चकचकीत थर असलेले मूस आणि फळांच्या आकाराचे केक घेताना मात्र जिलेटिन विचारून घ्यावं: 'सां ज़ेलातीन?' इतकं पुरतं.

डबा घेऊन तुइलरी बागेत जावं, पाच-सात मिनिटांचं अंतर. तळ्याभोवतीच्या हिरव्या लोखंडी खुर्च्यांना पैसे पडत नाहीत. पाठ कललेली खुर्ची पकडावी, सरळ पाठीच्या नेहमी रिकाम्या असतात.